सर्व्हरच्या फाइलींचा बॅकअप : साधन निवडताना

अंबरनाथ

चि. भाच्यास,


बॅकअपच्या साधनाची निवड फाइली परत आणण्याच्या बाजूने करायची असते. प्रत घेणे हे रोजचे काम, ती परत आणणे हे संकटाच्या दिवसाचे. साधनाचा कस त्याच दिवशी लागतो. म्हणून कोणत्याही साधनाचे नाव घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. किती तासांचे काम गेले तर सोसेल? सर्व्हर किती वेळात पुन्हा चालू झाला पाहिजे? आणि कोणकोणत्या संकटांतून प्रत वाचली पाहिजे? आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यात डिझाइनच्या जुन्या फाइली एक दिवस उशिरा मिळाल्या तर चालते. चलने आणि बिले मात्र तासाभरात लागतात, नाहीतर माल भरलेली गाडी गेटवर उभी राहते. एकाच सर्व्हरवरच्या दोन फोल्डरांची उत्तरे अशी वेगळी असू शकतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या भागात पाण्यापासून सुरू होते. बदलापूर उल्हास नदीच्या काठी आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून जाणारी वालधुनी पुढे उल्हासनगरमधून कल्याणकडे वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या खोऱ्यातल्या वस्त्याही पाण्यात गेल्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अंबरनाथच्या कचेरीतली प्रत बदलापूरच्या घरी ठेवल्याने आगीपासून आणि चोरीपासून संरक्षण मिळते, पण दोन्ही ठिकाणी पाऊस एकच असतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा जगभर पाळला जाणारा नियम इथे थोडा कडक करावा लागतो. दुसरी जागा खोऱ्याबाहेर हवी. ती घाटावर पुण्याला असेल किंवा हैदराबादच्या क्लाउड केंद्रात असेल. कंपनी कायद्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो आणि ऑगस्ट २०२२ पासून तो रोज घ्यावा लागतो. परदेशातली स्वस्त जागा निवडणाऱ्या कंपनीने हे आधी पाहावे.

साधनांमध्ये सर्वांत जुने टार. ते अख्खे फोल्डर एका फाइलीत बांधते आणि युनिक्सच्या कोणत्याही यंत्रावर उघडते. मोठ्या डेटासाठी रोज पूर्ण गठ्ठा बांधणे परवडत नाही. पण वर्षअखेरीस कायमच्या साठवणीसाठी ते आजही उत्तम आहे.

आरसिंक १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणले. दोन ठिकाणच्या फाइली ताडून फक्त बदललेला भाग पाठवणे हे त्याचे बळ आहे. त्याची प्रत साध्या फाइलींच्या रूपात असते, त्यामुळे ती परत आणायला वेगळे साधन लागत नाही. मात्र एकटे आरसिंक म्हणजे आरसा. मूळ फाइल बिघडली की रात्रीच्या फेरीत प्रतही बिघडते, आणि डिलीटचा पर्याय लावला असेल तर चुकून पुसलेली फाइल प्रतीतूनही जाते. रोजची वेगळी आवृत्ती हवी असेल तर आरस्नॅपशॉट वापरावे. न बदललेल्या फाइलींसाठी ते हार्डलिंक करते, म्हणून जागा वाचते. मोठ्या फाइलीत थोडा जरी बदल झाला तरी तिची पूर्ण नवी प्रत ठेवावी लागते, ही त्याची मर्यादा. फाइलींच्या परवानग्यांच्या याद्या (एसीएल) आणि जादा गुणधर्म आरसिंकच्या नेहमीच्या पर्यायात येत नाहीत. ते वेगळे मागावे लागतात.

बोर्ग आणि रेस्टिक ही पुढच्या पिढीची साधने. दोन्ही फाइलींचे तुकडे करतात आणि एकसारखा तुकडा एकदाच साठवतात. त्यामुळे तीस दिवसांच्या तीस आवृत्त्या थोड्या जागेत मावतात. बोर्ग २०१५ साली अ‍ॅटिक या प्रकल्पातून वेगळे झाले. दाबून साठवण्याचे जास्त पर्याय त्यात आहेत, पण दूरच्या यंत्रावरही बोर्ग बसवलेले असावे लागते आणि विंडोजसाठी ते सोयीचे नाही. रेस्टिक ही एकच फाइल असते, ती विंडोजवरही चालते आणि थेट क्लाउडच्या साठवणीत लिहिते. त्यात एन्क्रिप्शन सक्तीचे आहे. लिनक्सचा एकच सर्व्हर आणि पुण्यात एसएसएचने पोचता येणारे दुसरे यंत्र असेल तर बोर्ग घ्यावे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, किंवा प्रत क्लाउडवर जाणार असेल, तर रेस्टिक घ्यावे. दोन्हींत पासवर्ड किंवा किल्ली हरवली की डेटा कायमचा गेला. म्हणून ती कागदावर लिहून सर्व्हरपासून लांब, तिजोरीत ठेवावी.

वीस-पंचवीस यंत्रे, टेप आणि वेगवेगळी वेळापत्रके असतील तेव्हा बॅक्युला किंवा त्यातून निघालेले बॅरिओस कामाचे ठरते. लहान कचेरीत त्याची देखभाल हेच एक वेगळे काम होऊन बसते.

साधन कोणतेही असो, चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलू नयेत. कॉपी होत असताना त्या बदलत राहतात आणि आलेली प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी होते. आधी पीजीडम्प किंवा मायएसक्यूएलडम्पने डेटाबेस बाहेर काढावा आणि मग तो बॅकअपला द्यावा.

वेगाचा हिशेबही आधीच करावा. वीस मेगाबिटच्या अपलोडवर एक टेराबाइट पाठवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. शंभर मेगाबिटच्या लाइनवर तेवढाच डेटा उतरवायला बावीस तास जातात. म्हणून पहिली पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर घेऊन दुसऱ्या जागी पोचवावी, आणि तातडीच्या कामासाठी एक प्रत कचेरीतच, वरच्या मजल्यावर ठेवावी.

सायबर हल्ल्याचा विचार पुरापेक्षा वेगळा करावा लागतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क कंपनीला जगभर गाठले आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. नेटवर्कची ओळख सांभाळणाऱ्या मर्स्कच्या सर्व्हरांच्या अनेक प्रती होत्या, पण त्या एकमेकींशी सतत जुळवल्या जात असल्याने सगळ्या एकदम गेल्या. घानामध्ये वीज गेल्यामुळे एक सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता, तेवढा वाचला. सिंक केलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हे यातून स्पष्ट होते. सर्व्हरला स्वतःच्या जुन्या प्रती पुसण्याचा अधिकार देऊ नये. बोर्ग आणि रेस्टिक दोन्हींत केवळ भर घालता येईल अशी व्यवस्था करता येते, ती करावी. शिवाय एक डिस्क केबल काढून ठेवावी.

शेवटची पायरी तपासणीची. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचे सुमारे तीनशे गिगाबाइट पुसले गेले. बॅकअपचे अनेक मार्ग होते, पण रोजचा डम्प आवृत्ती न जुळल्याने कधीपासूनच अपयशी होत होता आणि तसे सांगणाऱ्या मेल कोणापर्यंत पोचतच नव्हत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीवर काम निभावले. दर आठवड्याला साधनाची स्वतःची तपासणी चालवावी आणि दर तीन महिन्यांनी रिकाम्या यंत्रावर सगळे परत आणून पाहावे. लागलेला वेळ वहीत नोंदवावा. सुरुवातीच्या प्रश्नांच्या उत्तरांशी तो जुळला नाही, तर साधन किंवा व्यवस्था बदलावी. ही चाचणी मे महिन्यात एकदा व्हायलाच हवी, कारण पुढे जून येतो.

दोन साधने तोडीस तोड वाटली, तर ज्यातून कचेरीतला दुसरा माणूसही लिहिलेल्या सूचना वाचून फाइली परत आणू शकेल, ते घ्यावे.



तुझा,
मामा