मूकनटाची वाणी

वक्तृत्व शिकूं पाहणारा विद्यार्थी बहुधा थोर वक्त्यांचीं भाषणें पाठ करतो. कोणत्या शब्दावर जोर द्यावा, हात केव्हां उचलावा, हें तो घोकून ठेवतो. आज आम्ही वाचकांपुढें निराळें उदाहरण ठेवणार आहोंत. ज्यांची कीर्ति न बोलण्यावर उभारलेली होती, आणि तरीहि ज्यांचीं थोडींशीं भाषणें जगाच्या स्मरणांत राहिलीं, ते मूकचित्रपटांतील विनोदी नट चार्ली चॅप्लिन हे आमच्या लेखाचा विषय होत. न बोलतां जो सर्वांस प्रिय झाला, त्यानें बोलावें कीं नाहीं, आणि बोलल्यास त्याचें मोल काय द्यावें लागतें, हें आपण पाहूं.

चॅप्लिन यांचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजीं लंडन शहरीं झाला. मातापिता दोघेंहि नाट्यगृहांत गाऊन पोट भरणारीं. पुढें पिता दुरावला, माता आजारानें खचली, आणि १८९६ सालीं सात वर्षांच्या ह्या मुलास निराधारांच्या आश्रयगृहांत जावें लागलें. त्यापूर्वींची एक हकीकत त्यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत दिली आहे. आल्डरशॉट येथें सैनिकांपुढें गात असतां आईचा आवाज एकाएकीं फुटला. श्रोते हुर्यो करूं लागले. तेव्हां पांच वर्षांच्या चार्लीस रंगमंचावर उभें करण्यांत आलें. तो गाऊं लागतांच नाण्यांचा वर्षाव झाला. त्यानें गाणें मध्येंच थांबविलें, आधीं पैसे गोळा करून मग गाईन असें सांगितलें, आणि सारी सभा हंसली. ज्या समूहानें आईस हुसकावून लावलें, त्यानेंच मुलास डोक्यावर घेतलें. लोकांचें प्रेम किती सहज मिळतें आणि किती सहज जातें, हा धडा त्यांस असा बालपणींच मिळाला.

१९१४ सालीं अमेरिकेंत त्यांनीं पडद्यावर जो भटक्या आणला, तो सर्वांस ठाऊक आहे. ढगळ विजार, तंग कोट, मोठे बूट, लहानशी टोपी, हातांत वेताची काठी व ओठावर चिमुकली मिशी. दारिद्र्यांतहि ऐट न सोडणारा हा प्राणी कोणतीच भाषा बोलत नसे. म्हणून तो प्रत्येक देशांत तेथलाच वाटे. १९२७ सालीं बोलपटाचें युग सुरू झालें, तरी चॅप्लिन यांनीं आपला भटक्या मुकाच ठेवला. १९३१ सालचा ‘सिटी लाइट्स’ हा मूकपटच होता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, गोलमेज परिषदेसाठीं लंडनला गेलेल्या महात्मा गांधींची त्यांनीं भेट घेतली व यंत्रांच्या उपयोगाविषयीं त्यांच्याशीं चर्चा केली. पुढें १९३६ सालीं ‘मॉडर्न टाइम्स’ ह्या चित्रपटांत यंत्राच्या चक्रांत सांपडलेला मजूर त्यांनीं रंगविला. त्यांत भटक्याचा आवाज प्रथम ऐकूं आला खरा. परंतु त्यानें गाइलेल्या गाण्यांतील शब्द कोणत्याच भाषेचे नव्हते!

आतां त्यांच्या भाषणांकडे वळूं. पहिला प्रसंग १९१८ च्या एप्रिल महिन्यांतला. अमेरिका महायुद्धांत उतरली होती व युद्धकर्जाचे रोखे खपविण्यासाठीं चॅप्लिन, डग्लस फेअरबँक्स व मेरी पिकफर्ड हे दौऱ्यावर निघाले होते. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर प्रचंड जनसमुदाय लोटला. फेअरबँक्स यांनीं चॅप्लिन यांस खांद्यावर उचलून धरलें, तीं छायाचित्रें आजहि प्रसिद्ध आहेत. येथें वक्ता जें सांगत होता, तेंच सरकार व बहुतेक श्रोतेहि म्हणत होते. अशा भाषणास आवाज पुरतो, धैर्य लागत नाहीं.

दुसरें भाषण १९४० सालच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’ ह्या चित्रपटाच्या शेवटीं आहे. हिटलर व चॅप्लिन यांच्या जन्मांत अवघें चार दिवसांचें अंतर, मिशीहि तशीच. ह्या साम्याचा उपयोग करून त्यांनीं हुकूमशहा व एक गरीब यहुदी न्हावी अशा दोन भूमिका स्वतःच केल्या. अखेरीस लोक न्हाव्यासच हुकूमशहा समजतात आणि त्यास सैन्यापुढें बोलावें लागतें. तो कांपत उभा राहतो. मला कोणावर राज्य करावयाचें नाहीं, असें सांगतो. आणि मनुष्यानें मनुष्याशीं दयेनें वागावें, अशी सैनिकांस विनवणी करतो. येथें न्हावी संपून स्वतः चॅप्लिन बोलूं लागतात, हा कलेचा दोष होय, असें कित्येक टीकाकारांनीं म्हटलें. तो आक्षेप खोटा नाहीं. तथापि सव्वीस वर्षांच्या मौनानें सांठविलेली पुंजी त्यांनीं ह्या एका भाषणांत खर्चिली, हें विसरूं नये. तो जुना भटक्या त्यानंतर पडद्यावर पुन्हां कधींच आला नाहीं. एकदां बोलल्यावर त्यास मुकें होतां येईना.

तिसरा प्रसंग १९४२ चा. रशियाच्या साहाय्यार्थ सॅन फ्रॅन्सिस्को येथें भरलेल्या सभेंत चॅप्लिन यांनीं श्रोत्यांस ‘कॉम्रेड्स’ म्हणून संबोधिलें व युरोपांत दुसरी रणआघाडी त्वरित उघडावी अशी मागणी केली. आतां पात्राचा आडपडदा नव्हता, आणि सर्व देशहि त्यांच्या मताचा नव्हता. युद्ध संपल्यावर वारें फिरलें. तीं भाषणें, त्यांनीं न स्वीकारलेलें अमेरिकन नागरिकत्व व खाजगी जीवनांतील खटल्यांचा गाजावाजा, हीं सर्व त्यांच्याविरुद्ध एकत्र आलीं. १९५२ च्या सप्टेंबरांत ते जहाजानें इंग्लंडला निघाले असतां अमेरिकेनें त्यांचा परत येण्याचा परवाना रद्द केला. पुढें त्यांनीं स्वित्झर्लंडमध्यें घर केलें.

चौथा प्रसंग त्यानंतर वीस वर्षांनीं आला. १० एप्रिल १९७२ रोजीं सन्माननीय ऑस्कर पारितोषिक घेण्यासाठीं ते लॉस एंजेलिस येथें रंगमंचावर आले. त्र्याऐंशीवा वाढदिवस सहा दिवसांवर होता. सभागृह उभें राहिलें व टाळ्या थांबेनात. भाषण झालें तें चार-दोन वाक्यांचें. शब्द किती दुबळे वाटतात, एवढेंच सांगून त्यांनीं सर्वांचे आभार मानले. मग कोणीं टोपी व काठी हातीं दिली. त्यांनीं ती टोपी पूर्वीच्याच खुबीनें उडविली. २५ डिसेंबर १९७७ रोजीं त्यांचें निधन झालें.

हें प्रेम टिकलें कसें? आमच्या मतें, त्यांचीं मतें सर्वांस पटलीं म्हणून नव्हे. तीं अनेकांस पटलीं नाहींत. तें टिकलें, कारण त्यांचा भटक्या सदैव ढकलल्या जाणाऱ्या माणसाच्या बाजूस उभा राहिला, आणि हें पाहणाऱ्यास कोणत्याहि भाषेंत कळतें. आपल्याच देशांत, कच्छमधील आदिपूर गांवीं १९७३ सालीं त्यांच्या चाहत्यांचें मंडळ निघालें. त्यांच्या जन्मदिनीं आबालवृद्ध टोपी, काठी व मिशी लावून मिरवूं लागले. त्यांच्यापैकीं कितीकांनीं तीं भाषणें ऐकलीं असतील?

परंतु ह्यावरून मौन पाळावें असा बोध विद्यार्थ्यांनीं घेऊं नये. लोकप्रेम हें जपून ठेवण्याचें धन असतें, तर चॅप्लिन १९४० सालीं गप्पच राहिले असते, आणि त्यांस कोणी नांवें ठेविलीं नसतीं. लोकांचें प्रेम कसें पालटतें, हें त्यांनीं पांचव्या वर्षींच पाहिलें होतें. तरी ते बोलले. तेव्हां पुढील वक्तृत्वस्पर्धेची तयारी करतांना, हात केव्हां उचलावा हें पाहण्यापूर्वीं, जें आपण बोलणार तें टाळ्या न मिळाल्या तरी बोलूं काय, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.