‘बायबलमध्ये लिहिले आहे’ एवढे पुरेसे आहे का?



काही रविवारांपूर्वी मिस्सा संपल्यावर एक तरुण आम्हांला भेटायला थांबला. तो गावाकडून कोल्हापुरात शिकायला आला आहे. मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो आणि रविवारी न चुकता मिस्साला येतो. आदल्या रात्री जेवणानंतर खोलीत गप्पा रंगल्या होत्या. मित्राने विचारले, “येशू मेलेल्यांतून उठला हे कशावरून?” हा म्हणाला, “बायबलमध्ये लिहिले आहे.” “आणि बायबल खरे कशावरून?” “तो देवाचा शब्द आहे.” “असे कोण म्हणते?” “बायबलच म्हणते.” यावर सगळे हसले. त्या हसण्यात द्वेष नव्हता, पण त्याच्या मनाला ते लागले.

आम्ही त्या सकाळी घाईत होतो. एका आजारी भाविकाच्या घरी जायचे होते. आम्ही त्याला चालता चालता सांगितले, “तिमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र काढ, तिसऱ्या अध्यायातील सोळावी ओवी वाच. सर्व शास्त्र देवाच्या प्रेरणेने झाले आहे असे तिथे सांगितले आहे.” तो नम्रपणे म्हणाला, “फादर, पण ते वाक्यही बायबलमधलेच ना?” आमच्याकडे उत्तर नव्हते असे नाही, वेळ नव्हता. पुढचे दोन रविवार तो मिस्साला दिसला नाही.

त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते ते आज लिहीत आहोत. असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात, कामाच्या ठिकाणी आणि कधी कधी आपल्या स्वतःच्या मनातही येतो.

हा वाद जुना आहे

हा प्रश्न आजच्या कॉलेजातल्या मुलांनी शोधून काढलेला नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मराठी पंडिताने तो मोठ्या ताकदीने मांडला होता. १८३९ साली कंपनी सरकारातील एक स्कॉटिश अधिकारी व संस्कृतचे जाणकार जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. खरे शास्त्र कोणते ते बुद्धीने तपासून ठरवावे, आणि तसे तपासले की बायबल टिकते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला काशीत राहणाऱ्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे या तरुण चित्पावन पंडिताने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले. त्याचा आशय असा की, नुसत्या तर्काने शास्त्राची परीक्षा होत नसते, आधी श्रद्धा असते आणि तर्क तिच्यामागून चालतो. तर्काच्याच तराजूत घालायचे म्हटले तर तुमच्या शास्त्रातही अडचणी निघतील.

पुढे काय झाले ते आपण जाणून घ्यावे. याच नीळकंठशास्त्रींना डोंगरावरच्या प्रवचनाने ओढून घेतले आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी स्नानसंस्कार घेतला. नेहेम्या गोऱ्हे या नावाने ते अँग्लिकन धर्मगुरू झाले व १८९५ मध्ये मुंबईत वारले. ते आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, तरी त्यांच्या जीवनातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांना आयुष्यभर शंका येत राहिल्या. त्यांनी त्या लपवल्या नाहीत आणि त्यांच्यामुळे प्रभूला सोडलेही नाही. म्हणून शंका विचारणाऱ्या मुलाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे पटकन म्हणू नये.

पुरावा म्हणजे काय?

आपण ‘पुरावा’ म्हटले की डोळ्यांनी दिसणारी गोष्ट एवढेच समजतो. आपल्या देशातील न्यायशास्त्र यापेक्षा खोल गेले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञान मिळवण्याची चार प्रमाणे सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट ठाऊक आहे आणि जी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू आहे. सांगणारा कोणत्या कुळाचा याला महत्त्व नाही.

आपले रोजचे जीवन याच शब्दप्रमाणावर चालते. आपली जन्मतारीख आपल्याला आईने सांगितली, आपण ती पाहिलेली नाही. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ते औषध आपण प्रयोगशाळेत न तपासता घेतो. रंकाळ्याच्या काठी उभे राहून आपण मुंबईला समुद्र आहे यावर विश्वास ठेवतो, कारण जाऊन आलेल्यांनी तसे सांगितले. यात अंधश्रद्धा काही नाही. सांगणारा आप्त आहे की नाही एवढे मात्र पाहावे लागते.

तेव्हा तरुणाच्या मित्रांनी पकडलेली चूक खरी होती. ‘बायबल खरे, कारण बायबल तसे म्हणते’ हे वर्तुळ आहे. कोणताही ग्रंथ स्वतःचा जामीन स्वतः राहू शकत नाही. आपण दुसऱ्याच्या ग्रंथाबाबत हे मान्य करणार नाही, तर आपल्या ग्रंथाबाबतही करू नये. पण बायबल पुरावाच नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. बायबल ही साक्ष आहे, आणि साक्ष तपासता येते.

साक्षीदार कसा तपासतात?

१८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. कोर्टाची पायरी चढलेल्यांना साक्ष काय असते ते सांगायला नको. चार गोष्टी पाहिल्या जातात.

१. साक्षीदार घटनेच्या किती जवळ होता? संत पौलाने करिंथकरांस पहिले पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास लिहिले, म्हणजे क्रुसावरील मरणानंतर पंचवीस वर्षांच्या आत. पंधराव्या अध्यायात तो पुनरुत्थित प्रभूला पाहिलेल्यांची यादी देतो. त्यात पाचशेहून अधिक जणांचा उल्लेख आहे आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असेही तो कळवतो. म्हणजे ‘जाऊन विचारा’ असेच तो सांगत आहे. संत लूकही शुभवर्तमानाच्या आरंभी (१:१-४) आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतल्याचे सांगतो.

२. साक्षीदार स्वतःला सोयीचे तेवढेच सांगतो का? पेत्राने तीनदा प्रभूला नाकारले, शिष्य पळून गेले, थोमाने विश्वास ठेवला नाही, हे सारे शुभवर्तमानांत आहे. रिकामी कबर प्रथम स्त्रियांनी पाहिली असे चारही शुभवर्तमाने सांगतात, आणि त्या काळच्या समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. बनवून सांगणाऱ्याने असे लिहिले नसते.

३. साक्षी एकमेकींशी जुळतात का? संत मार्क कबरेपाशी एक तरुण सांगतो, संत लूक दोन पुरुष सांगतो. काहींना हा दोष वाटतो. पण सगळ्यांनी शब्द न् शब्द सारखा सांगितला तर वकील ‘हे पढवलेले साक्षीदार आहेत’ असेच म्हणतील. तपशिलात फरक आणि मूळ गोष्टीत एकमत, हे खऱ्या साक्षीचे लक्षण आहे.

४. बाहेरून काही दुजोरा आहे का? रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांविषयी तुच्छतेने लिहितो. पण पिलाताच्या अमलात ख्रिस्ताला देहदंड झाला हे त्याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी नोंदवले. १९६१ साली कैसरिया येथे पिलाताचे नाव कोरलेला दगडही सापडला.

पुरावा कुठे थांबतो?

इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. या सगळ्यावरून येशू होऊन गेला, त्याला क्रुसावर मारले, आणि त्याच्या शिष्यांनी तो उठल्याचे सांगितले व त्यापायी छळ सोसला, एवढे भक्कमपणे म्हणता येते. तो देवाचा पुत्र आहे हे कोणत्याही शिलालेखातून सिद्ध होणार नाही. मग आपण दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याकडे कसे जातो?

न्यायसूत्रांत एक सुंदर युक्तिवाद आहे. वेदांवर विश्वास का ठेवावा, याला उत्तर दिले आहे की आयुर्वेदाप्रमाणे. औषधाचा गुण येतो हे तपासता येते. तिथे सांगणारा खरा ठरला, म्हणून जिथे तपासता येत नाही तिथेही त्याच्यावर भरवसा ठेवावा. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हे वाचले तेव्हा आम्हांला संत मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्य आठवला. प्रभूने त्याच्या पापांची क्षमा केली. क्षमा झाली की नाही हे कोणाला दिसणार? म्हणून प्रभूने त्याला खाट उचलून चालायला लावले. जे दिसते त्यावरून जे दिसत नाही त्याचा अधिकार दाखवला. प्रभूने स्वतःच लोकांना तपासण्याजोगे काही दिले. तेव्हा तपासणाऱ्यावर आपण रागावण्याचे कारण नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी याची मर्यादाही आखून दिली आहे. जो बायबलचा काही भाग तरी मानतो त्याच्याशी बायबलच्या आधारे वाद करता येतो. जो देवाचे प्रकटीकरण मुळीच मानत नाही, त्याला श्रद्धेची सत्ये तर्काने सिद्ध करून दाखवता येत नाहीत. त्याच्या आक्षेपांना उत्तर मात्र देता येते. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली हेच सांगितले : श्रद्धा ही बुद्धीला सोडून मारलेली आंधळी उडी नाही, आणि ती नुसत्या बुद्धीची कमाईही नाही, ती देवाची कृपा आहे.

आणखी एक गोष्ट आपण कॅथोलिक म्हणून विसरू नये. बायबल आकाशातून बांधीव पुस्तक होऊन पडले नाही. नव्या कराराचे पहिले पान लिहिले जाण्याआधी ख्रिस्तसभा होती, ती भाकर मोडत होती, पुनरुत्थानाची घोषणा करत होती. कोणती पुस्तके पवित्र शास्त्रात धरायची याच्या याद्या ३९३ साली हिप्पो येथे आणि ३९७ साली कार्थेज येथे झाल्या, आणि १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने ती यादी कायम केली. ख्रिस्तसभेच्या अधिकाराने प्रवृत्त केले नसते तर आपण शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता, अशा अर्थाचे संत ऑगस्टीन यांनी लिहिले आहे. म्हणजे ग्रंथामागे जिवंत माणसांची साखळी आहे, आणि तिची आजची कडी आपण आहोत.

मग शेजाऱ्याला काय सांगावे?

तो तरुण आला नाही म्हणून आम्ही त्याला फोन केला. तो आला, चहा घेतला, वरचे सगळे आम्ही त्याला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “फादर, एवढे सगळे मी मित्रांना कसे सांगू?” आम्ही त्याला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, बायबल वाद जिंकण्यासाठी काठी म्हणून वापरू नकोस. ‘माझ्या ग्रंथात आहे म्हणून तू मान’ असे म्हणू नकोस. ‘ही माणसे असे सांगून गेली, मी त्यांचे ऐकले आणि मला ती खरी वाटली’ असे म्हण. हे खरे आहे आणि यात वर्तुळ नाही.

दुसरी, मित्रांच्या श्रद्धेचीही त्याच न्यायाने कदर कर. त्यांच्या घरी आजोबांनी सांगितलेले, संतांनी गायलेले ते जपतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, अशी संत पेत्राची शिकवण आहे (१ पेत्र ३:१५-१६).

तिसरी, तुझे मित्र पौलाला भेटू शकत नाहीत. ते तुला रोज भेटतात. तू खोलीचे भाडे वेळेवर देतोस का, आजारी मित्राजवळ बसतोस का, परीक्षेत कॉपी करतोस का, हे ते पाहतात. साक्षीदार आप्त आहे की नाही हे त्याच्या वागण्यावरून ठरते. शुभवर्तमानाचा तपासता येण्याजोगा भाग त्यांच्यापुरता तू आहेस.

शेवटचे वाक्य बोलताना आमच्या लक्षात आले की ते आम्हांलाही लागू आहे. त्या सकाळी त्याने प्रश्न आणला आणि आम्ही त्याच्या हातात एक संदर्भ ठेवून निघून गेलो. संदर्भ बरोबर होता, साक्ष कमी पडली. हे आम्ही त्याला सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. त्याचे सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. पण तो पुन्हा मिस्साला येऊ लागला आहे, आणि आता प्रश्न घेऊन येतो.

घरी मनन करण्यासाठी

१. या आठवड्यात कुटुंबात संत लूक १:१-४ आणि संत मार्क २:१-१२ वाचा.

२. प्रभूवरील विश्वास तुम्हांला प्रथम कोणाच्या सांगण्यावरून मिळाला? त्या व्यक्तीवर तुम्ही भरवसा का ठेवला?

३. आपल्या घरातील मुलांनी विचारलेला कोणता प्रश्न आपण रागावून गप्प केला आहे? तो पुन्हा काढता येईल का?

प्रभू आपणां सर्वांना सत्य शोधण्याचे धैर्य आणि ते जगण्याची कृपा देवो.

आपले धर्मगुरू