चौघांचा विश्वास (मार्क २:१-१२)



जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस जवळजवळ येतात. २६ जुलै हा कारगिल विजय दिवस आणि ३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. एक देशाचा, दुसरा ख्रिस्तसभेचा. दोन्हींत एक जखमी सैनिक आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

१९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवान शहीद झाले. हा आकडा शाळेतली मुलेही सांगतात. तेराशेहून अधिक जवान जखमी झाले, हे मात्र क्वचितच कोणी बोलते. शहिदांच्या कुटुंबांचे दुःख आपल्याला मुळीच कमी लेखायचे नाही. पण ज्याचे हातपाय गेले, त्याचा त्याग एका दिवशी संपत नाही आणि तो त्याच्या एकट्याचाही राहत नाही.

इग्नेशियस यांचेच पाहा. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवले, वर आलेला तुकडा करवतीने कापला. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. पुढे ते आयुष्यभर लंगडत चालले. शूरवीरांच्या कथा मागितल्या असता घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे तेवढी मिळाली, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. परंतु अंथरुणाला खिळलेल्या त्या हट्टी तरुणाचे महिनोन् महिने कोणीतरी रोज करीत होते. त्या घरची कर्ती बाई होती त्यांची वहिनी मागदालेना. तिच्यावर आम्ही आजवर एकही प्रवचन दिलेले नाही.

मुंबईत जन्मलेले मेजर जनरल इयान कार्डोझो १९७१ च्या युद्धात सिल्हेटजवळ सुरुंगावर पाय पडून जखमी झाले. चिंधड्या झालेला पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने तोडला. नंतर त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी असलेल्या एका पाकिस्तानी डॉक्टरने. कृत्रिम पायावर त्यांनी पुढे बटालियन आणि ब्रिगेडही सांभाळली. ऐकून अभिमान वाटतो. पण सर्वांनाच पुन्हा उभे राहता येत नाही.

पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याला इजा झालेले जवान तेथे चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात; काहीजण तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात. अशा रुग्णाला स्वतःला हलता येत नसेल, तर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलून द्यावी लागते; नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी, तिचा संसर्ग, ताप हे नेहमीचेच. जो घरी राहतो, त्याच्यासाठी रात्री दोनचा गजर त्याची बायको किंवा आई लावते. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या जवानाला सरकार मदतनिसासाठी भत्ता देते, ते योग्यच आहे. पण गजर भत्त्याने बंद होत नाही.

आता शुभवर्तमान उघडू या. कफर्णहूम येथे चौघेजण पक्षघाती माणसाला खाटेवरून आणतात, गर्दीमुळे छप्पर उकलतात. येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो, असे मार्क लिहितो. खाटेवरचा माणूस एक शब्दही बोलत नाही. चौघांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. तो माणूस मात्र खाट उचलून घरी गेला. आपल्या जवानाला तसे जाता येत नाही. दुःखाच्या प्रश्नावर सेमिनरीत आम्ही बरीच पाने वाचली होती. अशा घरात बसल्यावर त्यांतले फारसे काही तोंडी येत नाही. एवढेच दिसते की तेथे खाट वाहणारी बहुधा एकटी असते, आणि बाकीचे तिघे आलेलेच नसतात.

आपल्या चर्चच्या मुख्य दाराला पाच पायऱ्या आहेत. चाकाची खुर्ची वर घ्यायला चार माणसे लागतात. बाजूच्या दाराला उतार करण्याचा विषय पॅरिश कौन्सिलमध्ये दोनदा निघाला आणि पुढे ढकलला गेला. त्यात आमचाही दोष आहे. पुढच्या सभेत तो पहिला घेतला जाईल. ज्यांना घरी पवित्र कम्युनियन हवे असेल त्यांनी ऑफिसात नाव द्यावे. रविवारी तासभर एखाद्या रुग्णाजवळ बसून त्याच्या घरच्या माणसाला मिस्साला येऊ देण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनीही नाव द्यावे. त्या यादीत पहिले नाव आम्ही आमचे लिहिले आहे. शनिवारची संध्याकाळ आम्हाला मोकळी असते.