बँकेला सरकारी नंबर कशाला हवा?

आपली कित्येक पोरं परळ-लालबागला राहतात. तिथे एकाच नावा-आडनावाचे दोघे-तिघे खातेदार सहज निघतात. खोली बदलली की पत्ता बदलतो, इंग्रजी स्पेलिंगही बदलते. खाते नंबर तर त्या बँकेपुरताच. पॅनची १० अक्षरे-आकडे वा आधारचे १२ आकडे मात्र एका माणसाचे, सगळीकडे तेच. म्हणून गिरगावात थकवलेले कर्ज दादरच्या बँकेलाही कळते. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी बसत नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ प्रमाणे खातेदाराची ओळख पटवणे बँकेला भागच आहे.

मात्र खात्याला आधार जोडण्याची सक्ती सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केली. सरकारी अनुदान नको असेल तर मतदार ओळखपत्र चालते. पॅन नसल्यास त्यासाठीचा घोषणा-फॉर्म भरावा. आमचे सांगणे एवढेच : नंबर बँकेत द्या, ओटीपी कुणालाच देऊ नका.