धरणारें आणि तोडणारें

भाताच्या पेजेंत टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले म्हणजे ती गर्द निळी होते, व त्यांत आवळ्याचा रस पिळला कीं निळेपणा नाहींसा होतो. हा प्रयोग आपण वर्गांत केला. आपल्याच जिल्ह्यांत सेवाग्राम येथें १९६९ सालीं स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. भास्कर हरिनाथ व त्यांचे सहकारी ह्यांनीं हत्तीपाय व क्षय ह्यांच्या परीक्षेसाठीं अशीच युक्ति योजिली.

रोगजंतु शरीरांत शिरला म्हणजे त्यास नेमकें ओळखून धरणारीं प्रथिनें रक्तांत उत्पन्न होतात. त्यांस प्रतिपिंडें म्हणतात. तीं डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणून जंतूचा अंश लाविलेली काडी रोग्याच्या रक्तद्रवांत बुडवावयाची. प्रतिपिंडें असल्यास तीं काडीस चिकटतात. मग त्यांना धरणारें दुसरें प्रतिपिंड आणावयाचें. त्याच्या पाठीस पेनिसिलिनेज नांवाचें विकर, म्हणजे एन्झाइम, जोडलेलें असतें. हें विकर पेनिसिलिन तोडतें, तुटलेला पदार्थ आयोडीन खाऊन टाकतो, आणि निळा रंग जातो. रंग गेला म्हणजे रक्तांत प्रतिपिंडें आहेत असें समजावें.

हें सांगत असतां एका मुलीनें विचारलें, “सर, धरणारा एक व तोडणारा दुसरा, असें कशाला? धरणाऱ्यानेंच तोडलें तर?” मला त्या दिवशीं उत्तर देतां आलें नाहीं. घरीं जाऊन वाचावें लागलें, हें कबूल करण्यांत कमीपणा वाटत नाहीं.

तिची शंका योग्यच होती. तोडणारें प्रतिपिंड १९८६ सालीं अमेरिकेंत बुद्धिपुरस्सर घडविण्यांत आलें. १९८९ सालीं तर डॉ. सुधीर पॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें प्रतिपिंड मनुष्याच्या रक्तांतच आढळल्याचें प्रसिद्ध केलें. श्वासनलिकेचे स्नायु सैल करणारें एक लहानसें प्रथिन आपल्या शरीरांत असतें. हें प्रतिपिंड त्याचेच तुकडे करी! साधें प्रतिपिंड एकदां धरलें कीं तेथेंच अडकून राहतें. हें मात्र धरतें, तोडतें, सोडतें व पुढच्यास हात घालतें. म्हणून एकच अनेकांस पुरून उरतें. त्याचा वेग खऱ्या विकरांच्या मानानें पुष्कळच मंद असतो, ही गोष्ट निराळी.

शरीर स्वतःवरच उलटतें अशा ल्यूपस रोगांत पेशींतील डीएनए तोडणारीं प्रतिपिंडें १९९२ सालीं रशियन शास्त्रज्ञांनीं दाखविलीं. तेव्हां हीं केवळ रोगाचींच संतति असावी असें कोणासही वाटेल. परंतु पुढें निरोगी मातांच्या दुधांतही तोडणारीं प्रतिपिंडें सांपडलीं.