पोलादी सिलिंडर आणि पाण्याखालचा तोल

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा. नवेगावबांधच्या काठी ढिवर बांधवांचे जाळे पाहावे. वरच्या कडेला तरंगणारे गोळे, खालच्या कडेला वजने. या दोहोंच्या तोलावरच जाळे पाण्यात उभे राहते. स्कूबा पाणबुड्याचा जीवही अशाच तोलावर अवलंबून असतो. म्हणून विज्ञानाच्या तासाला आम्ही एक प्रश्न ठेवतो : प्रत्येकी 14 किलो वजनाचे, तोंड बंद केलेले दोन रिकामे सिलिंडर, एक पोलादाचा व दुसरा ॲल्युमिनियमचा, तलावात सोडले तर काय होईल? वजन सारखे, तेव्हा दोन्ही बुडतील, असे सहज वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, त्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर लोटते. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे 7.8 पट, तर ॲल्युमिनियमची 2.7 पट. म्हणून 14 किलो पोलाद 1.8 लिटर जागा व्यापते, तेवढेच ॲल्युमिनियम 5.2 लिटर. आतील पोकळी अनुक्रमे 12 व 11 लिटर धरल्यास बाह्य घनफळ 13.8 व 16.2 लिटर होते. परिणामी पोलादी सिलिंडर 0.2 किलोने जड ठरून बुडतो. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला मात्र 2.2 किलोचा उचल मिळतो व तो तरंगतो.

आता 200 बार दाबाने हवा भरू. एक लिटर साध्या हवेचे वजन सुमारे 1.2 ग्रॅम, त्यामुळे पोलादी सिलिंडरमध्ये 2.9 व दुसऱ्यात 2.6 किलो हवा मावते. आता दोन्ही बुडतात.

धोका येथेच दडलेला आहे. श्वासागणिक हवा संपते, सिलिंडर हलका होतो. वर येण्यापूर्वी 5 मीटर खोलीवर सुमारे 3 मिनिटे थांबायचे असते; नेमका तेव्हाच ॲल्युमिनियमचा सिलिंडर पाणबुड्याला वर ओढू लागतो. श्वास रोखून वेगाने वर आल्यास प्रसरणाऱ्या हवेने फुप्फुसाला इजा होते, प्रसंगी प्राणही जातात. म्हणून कमरेचे शिसे सिलिंडर जवळजवळ रिकामा आहे असे धरूनच ठरवावे. पोलादी सिलिंडरसोबत ते सुमारे अडीच किलोने कमी लागते. मात्र दमट हवेने तो आतून गंजतो, म्हणून त्याची नियमित तपासणी हवी.

तारकर्लीच्या समुद्रात हिशेब पुन्हा बदलतो. खारे पाणी लिटरमागे सुमारे 25 ग्रॅमने जड. साहित्यासह 100 लिटर जागा व्यापणाऱ्या पाणबुड्याला तेथे आणखी अडीच किलो शिसे लागते.

विद्यार्थी मित्रहो, केवळ वजन पाहून निष्कर्ष काढू नका, घनफळही मोजा. आणि तोल मोजताना आरंभाइतकाच शेवटाचाही विचार करा.