आधी हिरड्या, मग इम्प्लांट

माझी खालची उजवी दाढ कीड लागून गेली नाही. काढली तेव्हाही ती अखंड होती. तिच्या भोवतीचं हाड झिजत गेलं आणि ती हलायला लागली. पायोरियाने दात जातात ते असे. किडलेला दात ठणकतो, झोपू देत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे धाव घेतो. हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. ब्रश करताना थुंकीत लालसर रेघ दिसते, तोंडाला वास येतो, दोन दातांमध्ये फट पडते, पेरू चावताना दाढ जरा दबल्यासारखी वाटते. बस, एवढंच. आणि एवढ्यावर कोणी दवाखान्यात जात नाही.

दाढ काढली त्याच दिवशी इम्प्लांटची बोलणी झाली. एक्स-रे निघाला, हाड पुरेसं आहे असं सांगण्यात आलं, खर्चाचा आकडा कागदावर आला. मला मधुमेह आहे हे मी फॉर्मवर लिहिलं होतं. त्यावर पुढे कोणी काही विचारलं नाही. तोंडातल्या बाकीच्या दातांच्या हिरड्या कोणी तपासल्या नाहीत. एक दात गेला होता, त्या जागी एक दात बसला, काम संपलं. पुढे वर्ष-दीड वर्ष सगळं उत्तम होतं. भाकरी, चिक्की, भाजलेले दाणे, सगळं त्या बाजूने चावता येत होतं.

मग इम्प्लांटवर बसवलेल्या कॅपच्या कडेची हिरडी सुजायला लागली. बोटाने दाबलं की पू यायचा. दुखणं मात्र अजिबात नाही. दवाखान्यात दाखवलं की अँटिबायोटिक आणि गुळण्यांचं औषध मिळायचं, थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी एका मैत्रिणीने मला हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे नेलं, आणि माझ्या हिरड्या आयुष्यात पहिल्यांदा मोजल्या गेल्या.

ही मोजणी कशी असते ते मुद्दाम सविस्तर सांगते, कारण कुठलाही निर्णय घेण्याआधी ती मागून घ्यायला हवी. टोकाला बारीक खुणा असलेली एक बोथट सळई असते. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती हलकेच सरकवतात आणि किती मिलिमीटर आत गेली ते वाचतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे बोलत होत्या, त्यांची मदतनीस तक्त्यात लिहीत होती. पुढच्या दातांना ‘दोन, तीन, दोन’ चाललं होतं. मागे गेल्यावर ‘पाच, सहा, पाच’ सुरू झालं, आणि इम्प्लांटपाशी ‘आठ’. निरोगी हिरडीत सळई ३ मिलिमीटरपर्यंतच जाते. त्याहून खोल कप्पा आणि वर रक्त, म्हणजे आत आजार आहे. माझ्या जवळजवळ सगळ्या दाढांपाशी तो होता, आणि पहिली दाढ निघाली त्या दिवशीही असणार. दात काढल्याने पायोरिया जात नाही. तो बाकीच्या दातांच्या कप्प्यांत बसून असतो, आणि तिथलेच जंतू नव्या इम्प्लांटकडे सरकतात.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. टायटॅनियम हाडाशी थेट जुळून येतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं, आणि १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. ते लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षं टिकले. तेव्हा इम्प्लांट ही फसवी गोष्ट आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. पण तिची रचना समजून घ्या. आपला खरा दात हाडात ठोकलेला नसतो. बाजेचं सुंभ जसं माणसाला तोलून धरतं तसे बारीक तंतू त्याला हाडात तोलून धरतात, आणि हिरडीचे तंतू मुळाला घट्ट बिलगलेले असतात. इम्प्लांटला हे काहीच नसतं. हाड सरळ धातूला लागलेलं, आणि हिरडी त्याच्या भोवती नुसती टेकलेली. त्यामुळे जंतू एकदा आत शिरले की हाडापर्यंत पोचायला त्यांना फारसा अडथळा नसतो. नुसती हिरडी सुजलेली असते तोवर साफसफाईने ती पूर्ववत होऊ शकते. हाड झिजायला लागलं की त्याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात, आणि तिथून मागे येणं फार अवघड असतं. इम्प्लांट कधी किडत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असं अनेकांना वाटतं. कीड लागत नाही हे खरं. त्याच्या भोवतीचं हाड मात्र जातं.

माझ्या एक्स-रेत स्क्रूच्या भोवती खोल खड्डा दिसत होता. स्क्रू वाचवण्यासारखा नव्हता. भूल देऊन डॉक्टरांनी तो उलटा फिरवून काढला आणि मला ट्रेमध्ये दाखवला. खालचे दोन-तीन आटे स्वच्छ, करडे. वरच्या सगळ्या आट्यांमध्ये पिवळट-तपकिरी कीटण दगडासारखं घट्ट बसलेलं. कुठलाही ब्रश, कुठल्याही गुळण्या तिथवर पोचल्या नसत्या. हिरडीच्या वर मी रोज जे घासत होते, त्याचा या जागेशी संबंधच नव्हता.

पुढचे काही महिने फक्त हिरड्यांचे उपचार झाले, आणि माझ्या मते क्रम हाच असायला हवा. भूल देऊन एकेका बाजूची खोल सफाई, म्हणजे दाताच्या मुळावरचं हिरडीखालचं कीटण खरवडून काढणं. आपण ज्याला दात क्लीन करणं म्हणतो त्यापेक्षा हे वेगळं आणि जास्त वेळखाऊ काम आहे. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. जिथे कप्पे उतरले नव्हते तिथे हिरडी उघडून छोटी शस्त्रक्रिया झाली. कप्पे ४ मिलिमीटरच्या आत आले, सळई लावल्यावर रक्त येईनासं झालं, की मगच इम्प्लांटचा विषय काढायचा, असं या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साखरेबद्दलही त्या ठाम होत्या: तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट, एचबीएवनसी, ७ च्या आसपास येऊ दे, मग बघू. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही, असं ते दुहेरी आहे. माझ्या हिरड्या सुधारल्या तशी माझी साखरही थोडी उतरली.

तंबाखूचं मला कळकळीने सांगायचं आहे. माझी आई रोज सकाळी मिसरीने दात घासायची; आमच्या भागात कितीतरी बायका अजून घासतात, आणि मिसरीने हिरड्या घट्ट होतात असं मनापासून मानतात. मिसरी म्हणजे भाजून वाटलेला तंबाखू. आईचे दात पन्नाशीच्या आत हलले. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट आणखी घातकी: निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून आजार वाढत असला तरी हिरडीतून रक्त कमी येतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. तंबाखू सुरू असताना इम्प्लांट न जुळण्याचा आणि पुढे बिघडण्याचा धोका वाढतो. घरात कुणी मिसरी, मशेरी, गुटखा, बिडी यांपैकी काही घेत असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा, लाजू नका. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, रक्त पातळ होण्याची गोळी असेल, तर तीही न विचारता सांगा.

हलणारा प्रत्येक दात काढायचाच असतो असंही नाही. हे मला उशिरा कळलं आणि त्याची खंत आहे. हिरड्यांचे उपचार झाल्यावर माझ्या दोन सैल दाढा बऱ्याच घट्ट झाल्या. त्या आजही तोंडात आहेत आणि मी त्यांनी जेवते. ‘आत्ता काढून टाका, तिथे नवा पक्का दात बसवू’ असं कोणी म्हणालं तर आधी हिरड्यांच्या तज्ज्ञाचं मत घ्या. उपचार केलेला आपला दात कित्येक वर्षं साथ देतो, आणि तो काढायची वेळ आलीच तर इम्प्लांटचा पर्याय तेव्हाही असतोच. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि खासगीच्या मानाने खर्च फार कमी. रांग लागते, वेळ जातो, पण मोजणी आणि खोल सफाई नीट होते. आणि पैसे मर्यादित असतील तर ते आधी हिरड्यांवर घाला. काढता-घालता येणारी कवळी कमीपणाची नाही, आणि दातांच्या रांगेतल्या अगदी शेवटच्या दाढेची जागा तर कित्येकदा रिकामी ठेवली तरी चालते.

सगळं जमून आलं आणि इम्प्लांट बसवायचं ठरलं, तर कॅप स्क्रूने बसणार की सिमेंटने, हे विचारा. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तिथेही सूज धरते. कॅपच्या खालून दातांमधला छोटा ब्रश जातो ना, हे आरशात स्वतः घालून बघा. कॅप फुगीर असेल तर ती जागा कधीच साफ होत नाही. कॅप बसल्यावर लगेच एक एक्स-रे आणि एक मोजणी करून घ्या, म्हणजे पुढे तुलना करता येते. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, लांबी-जाडी आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर असतं, ते आपल्या फाईलमध्ये चिकटवून घ्या. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर त्या स्टिकरशिवाय पुढच्या डॉक्टरांना त्याचा जोडभाग शोधणं कठीण जातं. आणि दर तीन ते सहा महिन्यांच्या तपासणीचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. हिरड्यांचा आजार होऊन गेलेल्या माणसाला ती तपासणी जन्मभर लागते.

हा आजार घराण्यातही चालतो. माझे उपचार सुरू असताना मी माझ्या मुलाला घेऊन गेले. तिशीतला, कधी दात न दुखलेला. त्याच्या मागच्या दाढांपाशी सळई ५ मिलिमीटर आत गेली. त्याचं खोल सफाईवर भागलं, एकही दात काढावा लागला नाही.